जुनी बोट घ्यावी का? हर्णैच्या तरुण तांडेलाला उत्तर

पत्र

मी हर्णै बंदरातला आहे, वय ३४. वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या बोटीवर तांडेलकी, म्हणजे बोटीची नायकी, केली. मी सात वर्षे खलाशी होतो आणि गेली चार वर्षे तांडेल म्हणून जातो, तेही दुसऱ्याच्याच बोटीवर. आमच्या बंदरातील एक ३४ फुटी लाकडी गिलनेटची (पाण्यात उभे सोडून मासे अडकवणाऱ्या जाळ्याची) बोट विकायला निघाली आहे. बोट एकोणीस वर्षांची असून तळाला बाहेरून फायबर चढवलेले आहे. इंजिन तीन सिलिंडरचे, मालकाच्या सांगण्याप्रमाणे दोन वर्षांपूर्वी उघडून दुरुस्त केलेले. जाळ्यांसह साडेसहा लाख मागतात. माझ्याकडे चार लाख साठले आहेत. उरलेले अडीच लाख बायकोचे सोने तारण ठेवून उभे करायचे म्हणतो, तिची तयारी आहे. मोठा भाऊ म्हणतो, जुनी बोट म्हणजे दारात हत्ती बांधणे, त्यापेक्षा कर्ज काढून नवी फायबरची बोट घे. आई फयान वादळाची आठवण काढून रडते. माझी नजर मात्र त्या बोटीवरून हटत नाही. घ्यावी का? आणि घेतली तर तिचे नाव बदलावे का? सध्याचे नाव तिच्या पहिल्या मालकाच्या आईचे आहे.

उत्तर

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शेवटीच देईन. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र आडपडदा न ठेवता आधीच सांगते. बोट घेण्याची तुमची इच्छा रास्त आहे, वय आणि अनुभवही योग्य आहे. परंतु ही बोट या किमतीला, या रीतीने पैसे उभे करून घेऊ नका. तुमच्या हिशेबात बोट ज्या दिवशी तुमची होते, त्याच दिवशी तुमच्याजवळचा शेवटचा रुपया संपतो. जुन्या बोटीचा खरा खर्च त्या दिवसापासून सुरू होतो.

मी देवगडची. लग्नानंतर सव्वीस वर्षे आमच्या घरच्या बोटींच्या जमाखर्चाची वही मी लिहिली, लिलावात मासळी मी उभी राहून विकली आणि डिझेलचा, बर्फाचा, सुताराचा प्रत्येक पैसा माझ्या हातून गेला. त्या वर्षांत आमच्याकडे दोन बोटी आल्या आणि दोन्ही जुन्याच होत्या. पहिली अकरा वर्षांची होती. तिने आम्हांला घर दिले आणि मुलींची शिक्षणे केली. दुसरी सोळा वर्षांची होती आणि तुमच्या बोटीसारखेच तिच्या तळाला फायबर चढवलेले होते. तिच्याविषयी पुढे लिहिते, कारण तिथे झालेल्या चुका तुम्हांला टाळता येतील.

भावाच्या बोलण्यात जुन्या बोटीचे सुख कुठेच आले नाही, म्हणून आधी त्याविषयी. लाकडी बोट जड असते आणि त्या जडपणामुळे ती लाटेवर बसून राहते. जाळे टाकून तासन्‌तास वाट पाहायची असते, तेव्हा हलकी बोट जशी उसळत राहते तशी ती उसळत नाही, आणि रात्रभर बोटीवर पाठ टेकणाऱ्या माणसाला हा फरक कळतो. दुसरे असे, की एकोणीस वर्षे एकाच बंदरात राहिलेल्या बोटीचा स्वभाव सगळ्या बंदराला ठाऊक असतो. ती कोणत्या बाजूला कलते, मागून येणाऱ्या लाटेत सुकाणूला कशी वागते, किती वजनाला नाळ (पुढचे टोक) खाली घालते, हे तुम्ही विचारायला गेलात तर चार म्हातारे चार गोष्टी सांगतील आणि त्यांतल्या तीन खऱ्या निघतील. नव्या बोटीचे हे ज्ञान तुम्हांला स्वतःच्या अंगावर घ्यावे लागते. लाकडाची बोट आपल्याच किनाऱ्यावर, आपल्याच ओळखीच्या सुताराकडून, आपण शेजारी बसून दुरुस्त करून घेता येते. पावसाळ्याच्या आधी फळीफळीवरून हात फिरवून तिला तेल पाजताना तिच्या मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान मी पाहिले आहे, ते मला दुसऱ्या कोणत्याही व्यवसायात दिसले नाही.

पण सर्वांत मोठे सुख वेगळेच आहे आणि ते तुमच्या आईच्या रडण्याशी जोडलेले आहे. ज्याच्या डोक्यावर हप्ता नसतो, त्याला आभाळाकडे पाहून घरी बसता येते. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान किनाऱ्यावर आले, तेव्हा कोकणातील कितीतरी बोटी बाहेर होत्या आणि सगळ्या परतल्या नाहीत. त्या दिवसानंतर मी अनेक घरांत बसले, अनेकांचे बोलणे ऐकले. बोटीचे हप्ते थकलेले असतात, तेव्हा वाऱ्याचा इशारा ऐकूनही माणूस ‘दुपारपर्यंत येतो परत’ असे म्हणून नांगर उचलतो. जुनी बोट कमी पैशांत येते, तिच्यामुळे कर्ज होत नाही, आणि म्हणून ती आपल्याला न जाण्याचे स्वातंत्र्य देते. भावाने सुचवलेल्या नव्या बोटीविरुद्ध माझा आक्षेप एवढाच आहे. मात्र तुम्ही सोने तारण ठेवून हीच जुनी बोट घेतलीत, तर तिचा हा एकमेव मोठा फायदा तुम्ही पहिल्याच दिवशी विकून टाकलेला असेल.

आता ती पाहायची कशी. तुमचे पत्र मला मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मिळाले आणि ही वेळ तुमच्या भाग्याची आहे. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मेअखेरीस बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि बहुतेक जुन्या बोटींचे व्यवहार याच सुमारास होतात. यात एक अडचण लपलेली असते. बोट पाण्यात असते तेव्हा तिचे इंजिन दिसते, पण तळ दिसत नाही. ती किनाऱ्यावर येते तेव्हा तळ दिसतो, पण इंजिनाची परीक्षा होत नाही. आमची दुसरी बोट आम्ही आषाढात, झापांखाली उभी असताना घेतली. ताजा रंग होता, तळ गुळगुळीत होता, इंजिन चालू करून दाखवले तेव्हा त्याचा आवाजही बरा वाटला. नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्याच फेरीला ते विजयदुर्गासमोर तापून बंद पडले आणि दुसऱ्या बोटीने ओढून आणावे लागले. तुम्हांला मात्र दोन्ही परीक्षा घेता येतील. मेअखेरपर्यंत शांत सकाळ पाहून समुद्रात, आणि ओढल्यानंतर जूनमध्ये जमिनीवर.

समुद्रावर जायच्या दिवशी मालकाला वेळ कळवू नका, किंवा कळवलीत तर त्याच्या आधी पोहोचा आणि इंजिनाला हात लावून पाहा. ते गार असले पाहिजे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन चटकन सुरू होते, पहाटेच्या गारव्यात ते कसे उठते हे तुम्हांला पाहायचे आहे. तेलाची दांडी काढून पाहा. तेल दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी शिरते आहे. सुरुवातीला थोडा धूर येणारच, परंतु चांगले तापल्यावरही निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे, म्हणजे रिंगा आणि बोअर थकले आहेत. काळा धूर इंजेक्टर खराब असल्यामुळेही येतो आणि इंजिनावर ताकदीपेक्षा जास्त भार असल्यामुळेही येतो, म्हणून तो दिसला तर पंख्याचे (प्रोपेलरचे) माप आणि तळाची घाण यांचीही चौकशी करा. किमान एक तास, त्यातला निम्मा वेळ पूर्ण वेगाने, बोट चालवा. थंड करणारे पाणी बाहेर पडते आहे का, ते वाफाळलेले आहे का, हे पाहत राहा. गिअर पुढे-मागे टाकताना धक्का बसतो का ते पायांना कळेल. ‘दोन वर्षांपूर्वी उघडून दुरुस्त केले’ या वाक्याला माझ्या लेखी बिलाशिवाय किंमत नाही. कोणत्या मिस्त्रीने काम केले ते विचारा आणि त्याला जाऊन भेटा. बंदरातला मिस्त्री खोटे सहसा बोलत नाही, कारण तेच इंजिन उद्या त्याच्याकडेच येणार असते.

निघण्यापूर्वी बोटीच्या तळातले पाणी उपसून कोरडे करायला लावा आणि परत आल्यावर किती साचले ते मोजा. पंखा फिरवणारा शाफ्ट जिथून बाहेर जातो, तिथल्या पॅकिंगमधून थेंब-थेंब पाणी येणे स्वाभाविक आहे, किंबहुना तेवढे यावेच लागते. बादल्या भराव्या लागत असतील तर पाणी फळ्यांमधून येते आहे. इथे एक गोष्ट तुम्हांला माहीत असेलच, पण तुमच्या भावाला समजावी म्हणून लिहिते. दोन महिने जमिनीवर राहिलेल्या लाकडी बोटीच्या फळ्या आकसतात, आणि ऑगस्टमध्ये पाण्यात लोटल्यावर दिवस-दोन दिवस ती गळते, मग लाकूड फुगून सांधे बसतात. ते गळणे दोष नव्हे. दहा महिने पाण्यात असलेली बोट मेमध्ये गळत असेल, तर तो दोष आहे.

जमिनीवर आल्यानंतरची परीक्षा अधिक वेळ घेणारी आहे आणि तिच्यासाठी एखाद्या वयस्क सुताराला दिवसाची मजुरी देऊन सोबत न्या. तो खर्च वाचवू नका. लाकडाला खारे पाणी मारत नाही, गोडे पाणी मारते. हे उलटे वाटते, पण कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात वाढत नाही, ती पावसाच्या साचलेल्या पाण्यात वाढते. म्हणून जुनी बोट वरून कुजत येते. फळ्या जिथे वरच्या काठाला मिळतात तो भाग, केबिनचे कोपरे, वरामणाच्या (मागच्या टोकाच्या) आतली बाजू, जाळी ठेवतात त्या फळ्यांच्या खालची जागा, अशा सर्व ठिकाणी लाकडावर छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐका. निरोगी लाकूड खणखणते, कुजलेले भद्द वाजते. संशय आला तर पेचकस दाबून पाहा. मालक कुरकुर करेल, करू द्या. खिळ्यांच्या भोवती लाकूड काळे पडले असेल आणि गंजाचे ओघळ उतरले असतील, तर आतला खिळा बारीक झालेला आहे. असे दोन-चार असतील तर चालते, ओळच्या ओळ असेल तर फळ्या कशाच्या आधारावर उभ्या आहेत, हा प्रश्न पडला पाहिजे. खालच्या बाजूने शत्रू वेगळा आहे. लाकूड पोखरणारा समुद्री किडा बाहेरून टाचणीएवढे भोक पाडतो आणि आत बोटाएवढ्या नळ्या करतो. सुदैवाने बोट पाण्याबाहेर राहिली की तो मरतो, त्यामुळे दरवर्षी नेमाने ओढल्या गेलेल्या बोटीला त्याचा त्रास कमी. ही बोट एकोणीस वर्षांत किती पावसाळे खाडीत नांगरून राहिली, हे शेजाऱ्यांना अवश्य विचारा.

तळाचा कणा, ज्याला आपल्याकडे पठाण म्हणतात, आणि आतल्या बरगड्या यांच्याविषयी मी तडजोड मानत नाही. फळी बदलता येते, केबिन नवे बांधता येते, इंजिन उचलून दुसरे बसवता येते. पठाण कुजले असेल किंवा मधे वाकून पाठीला बाक आला असेल, तर ती बोट फुकट मिळाली तरी घेऊ नका. बोटीच्या मागे दूर उभे राहून, एक डोळा मिटून, तिची रेषा पाहा. अकरा वर्षे बोटीत काढलेल्या माणसाच्या डोळ्याला ती रेषा चुकलेली लगेच कळेल.

आणि आता ते फायबर. या एका गोष्टीवर माझा सर्वांत अधिक भर आहे. नव्या, पूर्ण वाळलेल्या लाकडावर काळजीपूर्वक चढवलेले फायबर चांगले काम देते. परंतु जुनी बोट गळू लागली की पुष्कळ मालक तिच्या ओल्या लाकडावरच फायबर चढवून टाकतात. गळती थांबते, बोट नव्यासारखी दिसते आणि विकायला निघते. लाकूड ओलाव्याने फुगते-आकसते, फायबर तसे करत नाही, म्हणून हळूहळू दोघे एकमेकांपासून सुटतात आणि मधल्या पोकळीत पाणी कोंडले जाते. वरून शिरलेले पावसाचे पाणीही बाहेर जाऊ शकत नाही. आमच्या दुसऱ्या बोटीचे फायबर दुसऱ्या पावसाळ्यात एका जागी कापून पाहिले, तेव्हा आतले सागाचे लाकूड हाताने कुस्करले जात होते. सागाचे! त्या वर्षी सोळा फळ्या बदलल्या, फायबर पूर्ण काढले, आणि तो खर्च बोटीच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेला. म्हणून तुम्ही मालकाला स्पष्ट विचारा की फायबर कोणत्या साली चढवले आणि का चढवले. नाण्याने सगळ्या तळावर टकटक करा. पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करा. काठाजवळ फायबरची कड सुटली आहे का पाहा. दोन ठिकाणी तळहाताएवढे फायबर कापून आतले लाकूड पाहू देण्याची अट घाला, आणि कापलेला भाग स्वखर्चाने बुजवून देण्याचे वचन द्या. मालकाने त्याला ठाम नकार दिला, तर तिथेच थांबा. माझ्या मते तो नकार हेच तुमच्या पत्राचे उत्तर ठरेल.

कागदपत्रांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते काम सोपे आहे, फक्त आळस करू नये. नोंदणी प्रमाणपत्र आणि मासेमारी परवाना दोन्ही पाहा. परवाना गिलनेटचाच आहे ना, त्याची मुदत चालू आहे ना, आणि इंजिनावर कोरलेला क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो ना, हे तपासा. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्यातील दंड पूर्वीसारखे किरकोळ राहिलेले नाहीत, म्हणून जुन्या मालकावर एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, हे जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा. बोटीवर सहकारी संस्थेमार्फत घेतलेले कर्ज थकलेले असणे आपल्या किनाऱ्यावर दुर्मीळ नाही. संस्थेकडून आणि बँकेकडून ‘येणे नाही’ असा दाखला घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. तुम्ही स्वतः मच्छीमार संस्थेचे सभासद नसाल तर आजच अर्ज करा, कारण डिझेलवरील मूल्यवर्धित कराचा परतावा संस्थेमार्फतच मिळतो. हस्तांतरण होऊन नोंदणी तुमच्या नावावर होईपर्यंत बोट तुमची नाही, मग ती तुमच्या दारासमोर का उभी असेना.

किमतीकडे वळते. जाळी आणि बोट यांची किंमत वेगळी काढा. जुन्या जाळ्यांना ‘सोबत देतो’ असे म्हणून पन्नास-साठ हजारांचा भाव लावलेला असतो आणि पहिल्या हंगामात त्यांतली अर्धी टाकावी लागतात. इंजिन आणि तळ दोन्ही परीक्षांत उतरले, असे गृहीत धरूनही, तुमच्याजवळच्या चार लाखांपैकी पावणेतीन लाखांहून अधिक रक्कम पहिल्या वर्षी बोटीच्या किमतीपोटी बाहेर जाऊ नये, असे माझे मत आहे. उरलेले सव्वा लाख फळ्या, पॅकिंग, पंखा, बॅटऱ्या, दोरखंड, जीवरक्षक जाकिटे आणि पहिल्या पंधरा दिवसांचे डिझेल-बर्फ यांसाठी आहेत. साडेसहा मागणाऱ्या माणसाला पावणेतीन कसे सांगायचे, असे तुम्ही म्हणाल. तसे सांगायचे नाही. सौदा करून आकडा पाचाच्या आसपास आणा आणि मालकाला विचारा, की दोन हंगाम भागीदार राहता का. तो पावणेतीन आता घेईल, उरलेली रक्कम बोटीच्या वाट्यातून दोन हंगामांत घेईल, आणि हे सर्व स्टँपपेपरवर दोन साक्षीदारांसमोर, तारखा घालून लिहिले जाईल. आमची पहिली बोट आम्ही अशीच घेतली होती. यातला खरा लाभ पैशांचा नाही. ज्याची रक्कम अजून बोटीत अडकलेली आहे, तो विकणारा तिचे दोष लपवत नाही. उलट पहिल्या महिन्यात स्वतः येऊन ‘ती वरची फळी बघून घे’ असे सांगून जातो.

बाकीचे पैसे मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल म्हणून घेण्याचा मोह होईल. ती उचल बिनव्याजी वाटते, परंतु मासळी त्यालाच द्यावी लागते आणि व्याज प्रत्येक टोपलीच्या भावातून कापले जाते. हंगामाच्या खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड आता मच्छीमारांनाही मिळते. बँकेत दोन चकरा जास्त माराव्या लागल्या तरी तोच मार्ग धरा.

वहीविषयी लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण जुन्या बोटी लाटांनी जितक्या बुडत नाहीत तितक्या वाटणीच्या चुकीने बुडतात. समजा, एका फेरीची मासळी १४,००० रुपयांना गेली. चाळीस लिटर डिझेल, बर्फ आणि शिधा मिळून ५,००० गेले. उरले ९,०००. त्यातले निम्मे, म्हणजे ४,५००, बोटीचे आणि जाळ्यांचे, निम्मे माणसांचे. तीन खलाशांचा एकेक वाटा आणि तांडेलाचा दीड, असे साडेचार वाटे केले तर प्रत्येकी १,००० आणि तांडेलाला १,५००. प्रत्येक बंदराची रीत थोडी वेगळी असते, पण मुद्दा बदलत नाही. तुम्ही मालकही आहात आणि तांडेलही, त्यामुळे तुमच्या हातात त्या दिवशी ६,००० येतात आणि ते सगळे आपलेच आहेत असे वाटते. तुमचे फक्त १,५०० आहेत. ४,५०० बोटीचे आहेत, आणि ते बँकेच्या वेगळ्या खात्यात, तुमच्या पत्नीच्या सहीने ठेवले जावेत. त्यातूनच जुन्या मालकाचे देणे, मेमधली ओढणी, सुतार, रंग, आणि एखाद्या वर्षी अचानक येणारा गिअरबॉक्स निघाला पाहिजे. कागदावर हंगाम दहा महिन्यांचा असला तरी वादळी इशारे, सण, उधाणाचे दिवस आणि दुरुस्ती वजा जाता आमच्या वहीत सर्वांत चांगल्या वर्षी १६८ फेऱ्या झाल्या, आणि दुसऱ्या बोटीच्या त्या वाईट वर्षी ९१. तुमचा हिशेब शंभर फेऱ्यांवर मांडा. कित्येक फेऱ्या १४,००० च्या होणार नाहीत, काही तर डिझेलचेही पैसे देणार नाहीत, हे मी तुम्हांला वेगळे सांगायला नको.

डिझेल किती लागले हे प्रत्येक फेरीला लिहून ठेवा. एका वर्षी आमच्या बोटीला त्याच अंतरासाठी अडतीसऐवजी सत्तेचाळीस लिटर लागू लागले. सगळे इंजिनाला दोष देत होते आणि ते उघडायची तयारी चालली होती. वही चाळली तेव्हा दिसले की वाढ एकदम झालेली नाही, ऑक्टोबरपासून हळूहळू होत गेली आहे. बोट भरतीला वर घेऊन ओहोटीत तळ पाहिला, तर शिंपले आणि शेवाळ यांचा बोटभर थर होता. दोन दिवस खरवडून रंग मारला आणि अडतीस लिटर परत आले.

एक धोका नाव घेऊन सांगते. जुन्या बोटीच्या नव्या मालकाला पहिल्या मंद महिन्यात कोणीतरी जनरेटर आणि दिवे चढवण्याचा सल्ला देतो. प्रखर एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, परवानाही जाऊ शकतो, आणि तुमच्यासारख्या गिलनेटवाल्यांच्या ताटातला घास त्याच दिव्यांनी पळवला आहे. त्या वाटेला जाऊ नका.

आईंची समजूत शब्दांनी घालू नका. जुन्या बोटीवर पहिला खर्च रंगाचा न करता जाकिटे, चालू स्थितीतील व्हीएचएफ (बिनतारी बोलण्याचा) संच, दुसरी बॅटरी, दुसरा नांगर आणि हाताने चालणारा पंप यांवर करा, आणि हे सर्व आईंना बोटीवर नेऊन दाखवा. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक केबिनमध्ये रंगवून घ्या. तुमच्यासह सर्व खलाशांचा प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखालील अपघात विमा उतरवा. त्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास पाच लाख मिळतात. तुमच्या बंदराला मोकळ्या समुद्राचा वारा थेट लागतो आणि वादळात आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचे तर तोंडावरचा गाळ ओहोटीत वाट देत नाही. म्हणून इशारा आला की भरतीची वेळ पाहून आधीच निघायचे, हा नियम आईंसमोर बोलून दाखवा. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आले आणि तौक्ते मे २०२१ मध्ये आले, म्हणजे हंगामाच्या शेवटच्या दिवसांत लोभ धरायचा नाही, हेही त्यांना सांगा. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतरची फेरी तुम्ही सोडून दिलीत, तर मी तुमच्या वहीत ती तोट्यात लिहिणार नाही. पत्नीचे सोने घरात राहू द्या. तिची तयारी आहे हे वाचून मला भरून आले, आणि म्हणूनच ते दागिने पहिल्या हंगामात एखादे मोठे संकट आले तर उपयोगी पडावेत, बोटीच्या किमतीत जाऊ नयेत, असे मला वाटते.

आता नाव. नाव बदलता येते. नोंदणीत बदल करून घ्यावा लागतो, एवढेच. आमच्या पहिल्या बोटीवर विकणाऱ्याच्या आजीचे नाव होते आणि माझ्या सासऱ्यांनी ते पुसू दिले नाही. त्या आजींच्या घरचे लोक दर नारळी पौर्णिमेला आमच्या बोटीच्या पूजेला येत राहिले. एका डिसेंबरात आमची बोट रात्री परतली नाही, तेव्हा पहाटे शोधायला निघालेल्या तीन बोटींपैकी एक त्यांची होती. तुमच्या बोटीच्या पहिल्या मालकाच्या घरी जाऊन या, त्या माउलींविषयी विचारा, आणि मग तुम्ही व तुमच्या पत्नीने मिळून ठरवा.